बास क्लॅरिनेटच्या चाव्यांची खटखट

ज्याने वर्षानुवर्षे साधे क्लॅरिनेट वाजवले आहे, तो पहिल्यांदा बास क्लॅरिनेट हाती घेतो तेव्हा त्याच्या सुराने भारावून जातो आणि चाव्यांच्या आवाजाने वैतागतो. मंद्रातला सूर मऊ, भरीव लागलेला असतो, पण बोटे हलली की त्यावर खट, टण, खुळखुळ असे काहीतरी वाजतच राहते. मैदानी वादनात याचा त्रास होत नाही. इथे खडकवासल्यात राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या खेत्रपाल मैदानावर दीक्षान्त संचलन होते, तेव्हा बँडचे सूर उघड्यावर, शेकडो बुटांच्या तालावर जातात. तिथे एखाद्या चावीची टिकटिक कुणाच्या कानी पडणार नाही. तेच वाद्य घेऊन ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसा किंवा छोट्या सभागृहात विलंबित काही वाजवा. तिथे प्रत्येक टिकटिक सुराच्या पुढे येऊन उभी राहते.

पुण्याला क्लॅरिनेट नवे नाही. प्रभात ब्रास बँडच्या क्लॅरिनेटवर नाट्यपदे ऐकत इथल्या पिढ्या वाढल्या. त्यामुळे साधे क्लॅरिनेट उघडून बसवणारे कारागीर शोधले तर सापडतात. बासची सवय असलेले हात मात्र विरळ. मिरजेची ख्याती तंतुवाद्यांची आणि बँडच्या वाद्यांची मोठी पेठ थेट मेरठच्या जली कोठीत. दर वेळी वाद्य तिकडे पाठवणे परवडत नाही, म्हणून निम्मे काम वादकाला स्वतःला यायला हवे. ते अवघडही नाही. फक्त एक गोष्ट मनाशी पक्की धरा: आवाज दाबायचा नसतो, तो जिथून येतो तो सांधा नीट बसवायचा असतो. दिसेल त्या फटीत फोम, कापूस किंवा डबल टेप कोंबल्याने खटखट चार दिवस थांबते. पण तेवढ्यात पॅड नीट बसेनासे होतात, सूर गळू लागतात आणि मूळ दुखणे आत तसेच राहते.

हे वाद्य मुळातच जास्त का वाजते, ते आधी समजून घ्या. साध्या क्लॅरिनेटवर बरीचशी छिद्रे बोटांच्या पेरांनी थेट झाकली जातात. मऊ पेर लाकडावर पडले की आवाज होतोच किती? बासची नळी साधारण दुप्पट लांब, सूर एक सप्तक खाली, छिद्रे मोठी आणि एकमेकांपासून दूर. बोट तिथवर पोचत नाही आणि पोचले तरी छिद्र झाकत नाही. म्हणून प्रत्येक छिद्रावर पॅडची चावी आणि ती हलवायला लांबच लांब रॉड. आजचे सरळ नळीचे बास क्लॅरिनेट ज्या घडणीवर उभे आहे, तिचे पेटंट अ‍ॅडॉल्फ साक्सने १८३८ साली बेल्जियममध्ये घेतले. सॅक्सोफोन पुढे त्याच्याच नावाने ओळखला गेला. मोठी छिद्रे, मोठ्या वाट्या, लांब रॉड हा या वाद्याचा पिंडच आहे. त्यामुळे बास अगदी निःशब्द कधीच होणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. श्रोत्याच्या कानापर्यंत पोचणार नाही इतका आवाज उतरला की काम झाले.

यासाठी पहिली परीक्षा श्रोत्याच्या जागेवरून घ्या. वादकाचा कान चाव्यांपासून हातभर अंतरावर असतो, त्याला सगळेच मोठे ऐकू येते. मोबाइल दहा-बारा फुटांवर ठेवा, एक संथ धून वाजवून ध्वनिमुद्रण करा आणि हेडफोन लावून ऐका. जे तिथे ऐकू येते तेवढेच दुरुस्त करायचे आहे. पुष्कळदा यादी निम्म्यावर येते.

मग माउथपीस काढून ठेवा आणि न फुंकता एकेक चावी सावकाश दाबा, सावकाश सोडा. रविवारी सिंहगड रस्त्यावर खडकवासला धरणाच्या चौपाटीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते, तेव्हा हे काम करू नका. रात्रीची वेळ निवडा. दाबताना येणारा आवाज आणि सोडताना येणारा आवाज वेगळा ऐका. एरवी उघड्या राहणाऱ्या चावीवर दाबताना पॅड छिद्रावर पडतो किंवा एक चावी दुसरीवर आपटते. सोडताना चावीचा पाय नळीवर किंवा आपल्या थांब्यावर येऊन टेकतो. एवढ्या एका भेदाने दोष कुठल्या टोकाला आहे ते कळते. पुढचे काम कानाचे. टण, ठप, खुळखुळ, करकर, चिक, झणझण हे सगळे निरनिराळे आजार आहेत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे.

टण म्हणजे धातूवर धातू. जिथे बूच किंवा फेल्ट असायला हवे तिथले झिजले आहे, आकसले आहे किंवा गळून पडले आहे. चाव्यांचे पाय, वरच्या आणि खालच्या नळीला जोडणारा पूल, रजिस्टरची जोडणी या तीन जागा आधी पाहा. चांगल्या बासवर अंगठ्याची एकच चावी दोन वेगवेगळी रजिस्टर छिद्रे उघडते आणि त्यांतले कोणते उघडायचे हे उजव्या हाताच्या अनामिकेची चावी ठरवते. या जोडणीत चार-पाच छोटे स्पर्शबिंदू असतात आणि त्यांतला एक जरी उघडा पडला तरी मधल्या सुरांवर सतत टिकटिक होते. पूल वाजत असेल तर मात्र बूच चिकटवण्याआधी दोन नळ्या एका रेषेत बसल्या आहेत का ते बघा. नळी किंचित फिरलेली असली तरी पुलाची पट्टी कडेला घासते.

बूच बदलताना जुने बूच काढण्याआधी पॅड छिद्रापासून किती उचलला जातो ते मोजून ठेवा. जुनी पोस्टकार्डे एकावर एक ठेवून ती फटीत सरकवली की किती कार्डांची उंची आहे ते कळते, तो आकडा लिहून ठेवा. नवे बूच बसवल्यावर तेवढीच उंची आली पाहिजे. हे मी आग्रहाने सांगतो, कारण घरगुती दुरुस्तीत सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. आवाज जावा म्हणून जाड फेल्ट लावले जाते, पॅड कमी उघडतो, आणि मग तो सूर घुसमटतो, उतरतो. वादक महिनाभर रीड बदलत बसतो आणि दोष असतो त्या फेल्टच्या तुकड्यात.

चिकटवायला काय वापरायचे हा प्रश्न छोटा वाटतो, पण त्यावरच दुरुस्ती टिकते. फेव्हिकॉल लाकडाचा, धातूवर त्याची पकड बसत नाही. फेव्हिक्विक बुचात शिरते, त्याला दगडासारखे कडक करते आणि खटखट परत येते. फेव्हिबॉन्डसारखे रबरी कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह घ्या. जुने बूच आणि जुना गोंद ब्लेडने खरवडा, धातू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, दोन्ही बाजूंना पातळ थर लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मग एकदाच नेमके दाबा. तुकडा थोडा मोठा कापून चिकटवल्यावर कडेने तासायचा. शेवटची उंची चारशे नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी मधून ओढून साधायची. अ‍ॅसिटोन किंवा थिनर मात्र वाद्याच्या जवळ आणू नका. पुष्कळ बास क्लॅरिनेटांची नळी लाकडाची नसून प्लॅस्टिकची असते आणि थेंबभर थिनरने तिच्यावर कायमचा डाग उमटतो.

फेल्ट कुठे आणि बूच कुठे? फेल्ट जास्त शांत, पण ते दबते. म्हणून जिथे चावी फक्त येऊन थांबते, उदाहरणार्थ बेलजवळच्या मोठ्या चाव्यांचे पाय, तिथे फेल्ट. जिथे दोन चाव्यांनी अगदी एकाच क्षणी बंद व्हायचे असते तिथे पातळ, घट्ट बूच. दबणारी वस्तू तिथे लावली की दोन पॅडपैकी एक मागे राहतो. आणि जिथे एक भाग दुसऱ्यावर घसरतो तिथे दोन्ही नकोत, बूच तिथे कुरकुरते. पातळ सुएड चामडे किंवा टेफ्लॉनची पट्टी लावा. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे मऊ चामड्याचे तुकडे आणि फेल्ट दोन्ही असते, त्यांच्याशी मैत्री ठेवा. बूच बदलायचे नसेल आणि नुसते कुरकुरत असेल तर त्यावर ६बी पेन्सिल चांगली घासा. शिशातले ग्रॅफाइट पुरते.

आता डाव्या करंगळीच्या लांब लिव्हर. बासच्या खटखटीतला सगळ्यात मोठा वाटा बहुधा यांचाच असतो. लिव्हरच्या टोकाला बारीक खीळ असते, ती दुसऱ्या चावीच्या खाचेत फिरते, आणि दोहोंमध्ये प्लॅस्टिकची इवलीशी टोपी असते. ती टोपी फुटली किंवा हरवली की खीळ खाचेत आपटू लागते. त्यासाठी पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारी, तारांवर चढवायची श्रिंक ट्यूब अगदी कामाची आहे. खिळीच्या जाडीपेक्षा थोडी मोठी ट्यूब घ्या, लिव्हर वाद्यावरून पूर्ण काढून घ्या, ट्यूब चढवा आणि सोल्डरिंग आयर्नची दांडी जवळ धरून ती आकसू द्या. थंड झाल्यावर ब्लेडने नेमकी कापा. खीळ खाचेत न अडकता जायला हवी आणि गेल्यावर कडेला हलता कामा नये. फार घट्ट बसली तर चावी उशिरा परतते. अशा वेळी ट्यूब काढून कमी जाडीची लावा, खाच तासू नका.

खुळखुळ हा दुखण्यांतला सर्वांत जुना प्रकार. चावी धरून हलक्या हाताने हलवून पाहा. ती रॉडच्या लांबीच्या दिशेने सरकते का? की रॉडभोवती वरखाली डुलते? दोन्हींवर पहिला उपाय तेलच, पण दाट तेल. साध्या क्लॅरिनेटच्या बारीक रॉडला पातळ तेल चालते. बासच्या जाड, झिजलेल्या रॉडवरून ते दोन दिवसांत वाहून जाते. वाद्यांच्या चाव्यांसाठी मिळणाऱ्या तेलांतले जाड प्रतीचे मागवा. रॉड आणि चावीचे नळकांडे यांमधली केसभर जागा ते भरून काढते आणि कित्येकदा एवढ्यानेच निम्मा आवाज थांबतो. शिलाई मशीनचे तेल अडीअडचणीला ठीक, पण ते पातळच. गंज सैल करायचे स्प्रे वंगण म्हणून वापरू नका, ते उडते, पसरते आणि पॅडवर जाऊन बसते. खोबरेल तर मुळीच नको. ते चोवीस अंशांच्या आसपास थिजते आणि इथली थंडीतली पहाट त्याच्या कितीतरी खाली उतरते. जानेवारीत सकाळी चाव्या जडावतात त्या अशाने.

तेल घालायचे ते सुईच्या टोकावर एक थेंब घेऊन, फक्त सांध्यावर. चावी दहा-वीस वेळा हलवा आणि बाहेर आलेले तेल लगेच पुसा. वेळ आणि धीर असेल तर एकेक रॉड काढून, जुने काळे तेल पुसून, नवे लावून परत बसवणे उत्तम. त्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. थर्मोकोलच्या तुकड्यावर वाद्याचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू आणि रॉड त्याच्या जागी खोचून ठेवा. दिसायला सारखे दोन स्क्रू लांबीला सारखे नसतात.

तेलानेही डुलणे थांबले नाही तर ते काम कारागिराचे. जुन्या दाराच्या बिजागरीसारखे चावीचे नळकांडे आतून झिजलेले असते. कारागीर खास पकडीने ते दाबून किंचित लांबवतो आणि आवळतो. घरच्या पक्कडीने हा प्रयोग केला तर नळकांडे चपटे होते आणि चावी कायमची जाते. लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या चावीला तात्पुरती टेफ्लॉनची पातळ चकती घालता येते. टोकाच्या पिव्हट स्क्रूने धरलेल्या चाव्यांवर स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा. स्प्रिंग सोडवल्यावरही चावी स्वतःच्या वजनाने पडत नसेल तर जास्त आवळले गेले आहे, मागे या. स्क्रू सारखा सैल होत असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक ठिपका पुरतो.

करकर किंवा कुईकुई आली की स्प्रिंगकडे वळा. सुईसारखी स्प्रिंग जिथे चावीच्या खोबणीत टेकते तिथे टाचणीच्या डोक्याएवढे ग्रीस लावा. चपटी स्प्रिंग जिथे घासते तिथेही तसेच. एखादी चावी एकदा दाबली की दोनदा वाजत असेल, तर स्प्रिंग कमजोर झाली आहे आणि चावी उसळते आहे. तिला थोडा ताण दिला की दुसरा ठोका जातो. पण ताण फार वाढवला तर चावी परतताना जोरात आपटते, म्हणून थोडे थोडे करत ऐकत जा. गंजाचे लाल ठिपके दिसणारी स्प्रिंग वाकवायला जाऊ नका, ती तुटणारच आहे. ती बदलून घ्या.

इथे आमच्या हवेचा विषय येतो. धरणाच्या काठच्या घरांत जून ते सप्टेंबर ओल भिंतीतून आत येते. स्प्रिंगा आणि पोलादी रॉड याच चार महिन्यांत गंजतात, पॅड फुगतात. मग एप्रिलच्या दुपारी तीच हवा इतकी कोरडी होते की लाकडात बसवलेले पोस्ट सैल पडतात आणि स्प्रिंगच्या ओढीने फिरू लागतात. फिरलेला पोस्ट म्हणजे वाकडी चावी आणि नवी खटखट. म्हणून पावसाळ्याआधी स्प्रिंगांवरून तेलाचा नुसता हात फिरवलेले फडके न्या आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पाऊस सरला की त्या काढून टाका, कोरड्या दिवसांत लाकडाला त्या घातकच. पेटी जमिनीवर नको, पाण्याकडच्या खिडकीखालीही नको. वाजवून झाल्यावर नळी आतून पुसल्याशिवाय पेटी बंद करणे हा या वाद्यावरचा अन्याय आहे. बासच्या मानेत आणि खालच्या वळणात पाणी भरपूर साचते.

चिक असा आवाज ओल्या, चिकट पॅडचा. चहा-सरबत पिऊन लगेच वाजवायला बसलात तर साखर लाळेबरोबर पॅडपर्यंत जाते. वाजवण्याआधी चूळ भरा. चिकटलेल्या पॅडखाली सिगारेटचा कोरा पातळ कागद ठेवून चावी हलकेच दाबा, सोडा आणि मगच कागद काढा. दाबून ठेवून ओढला तर पॅडची त्वचा फाटते. टाल्कम पावडर लावायची जुनी सवय सोडा. ओलीत तिचा लगदा होतो आणि चिकटपणा वाढतो. ठप असा जाड आवाज पॅडच्या आपटण्याचा असतो. जुने, कडक झालेले पॅड बदलताना मोठ्या छिद्रांसाठी चामड्याचे पॅड मागा, पातळ पापुद्र्याच्या पॅडपेक्षा ते शांत बसतात. पॅड बसवायला लाख उत्तम. ती तापवून पॅड हवा तसा सरळ करता येतो आणि पुन्हा काढताही येतो. पण बासचे मोठे पॅड समतल बसवणे हे सरावाचे काम आहे, पहिल्यांदा कुणाकडून तरी शिकून घ्या.

उरली झणझण. बोटे स्थिर असताना, फक्त एखाद्याच सुरावर येते ती ही. तो सूर लांब धरा आणि सोबतच्या माणसाला बोटाच्या टोकाने एकेक भाग हलकेच टेकवत जायला सांगा: चाव्यांवरच्या जाळ्या, बेलची कडी, पट्ट्याची कडी, खालच्या पायाचा स्क्रू, लिगेचरचा स्क्रू. ज्याला बोट लागताच आवाज थांबतो तो दोषी. काहीच सापडले नाही तर दुसऱ्या खोलीत जाऊन तोच सूर वाजवा. मंद्रातल्या सुराला कपाटाची काच आणि नोटेशनचा स्टँडही साथ देतात.

बोटांकडेही बघा. साध्या क्लॅरिनेटवरून आलेला वादक बासच्या चाव्या जोर लावून, उंचावरून मारतो. बोटे चाव्यांना जवळजवळ टेकलेली ठेवून, न फुंकता, अगदी संथ आरोह-अवरोह करा. पाच मिनिटे रोज केले तरी फरक ध्वनिमुद्रणात ऐकू येतो. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन चाव्यांसमोर हातभर अंतरावर लावू देऊ नका. या वाद्याचा सूर बेलमधूनच नाही तर सगळ्या छिद्रांतून येतो, त्यामुळे चार-पाच फूट मागे घेतलेला मायक्रोफोन सूर पूर्ण पकडतो आणि टिकटिक मागे टाकतो.

कारागिराकडे जाल तेव्हा नुसते "खटखट होते" म्हणू नका. कोणती चावी, दाबताना की सोडताना, कोणत्या सुरावर, हे कागदावर लिहून न्या आणि तुमचे ध्वनिमुद्रण ऐकवा. सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले वादक ओळखीचे असतील तर त्यांनाही वाद्य दाखवा. स्वतःच्या वाद्याची निगा स्वतः राखण्याची शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली असते. आणि घरी असो वा दुकानात, काम झाल्यावर आठ दिवसांनी पोस्टकार्डे पुन्हा फटीत सरकवून बघा. नवे फेल्ट पहिल्या आठवड्यात हमखास दबते, आणि तेव्हा कागदभर जाडीचा तुकडा वाढवावा लागतो.